त्या वैशाखातला बस्ता

वैशाख आला की माझ्या मशीनभोवती पाय ठेवायला जागा उरत नाही. नवरीचे ब्लाउज, करवल्यांचे ब्लाउज, नवरीच्या आत्याचे, मावशीचे, आणि ज्यांना लग्नाचं नुसतं आवतण आहे अशा शेजारणींचेही. प्रत्येकीला तो उद्याच हवा असतो. साताऱ्यात दुपारच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, किल्ल्याकडून येणारा वाराही भाजून निघालेला असतो, आणि माझ्या दारात मात्र पिशव्या घेऊन बायका उभ्या. मी चिडते, दोन-चार जणींना परत पाठवते, आणि त्या कोपऱ्यावर पोचायच्या आत हाक मारून त्यांच्या पिशव्या ठेवून घेते. माझा स्वभाव कुरकुरीच आहे. ऊन जास्त, लाइट कमी, दोरा कच्चा, गिऱ्हाईक घाईचं, असं माझं दिवसभर चालू असतं.

परवा एकीने बस्त्याची पिशवी तशीच माझ्यापुढे उपडी केली. कोऱ्या कापडाचा, खळीचा वास आला आणि माझा हात कात्रीवरच थांबला. त्या वासाबरोबर मला सांगलीतल्या एका कापडदुकानाची माडी आठवते. पांढऱ्या चादरी घातलेल्या गाद्या, आणि गादीच्या कडेला, तक्क्याला पाठ न लावता ताठ बसलेली माझी आई. ती बाई विचारत होती, "काय झालं ताई? डाग हाय का कापडाला?" मी म्हटलं, कापड चांगलं आहे, तुम्ही मापाचा ब्लाउज ठेवून जा.

बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडांची खरेदी, पण नुसती खरेदी नव्हे. मुलाकडची आणि मुलीकडची माणसं एकाच दुकानात, एकाच गादीवर दिवसभर मांडीला मांडी लावून बसतात. नवरीचा शालू मुलाकडचे घेतात, नवऱ्याचा पोशाख मुलीकडचे. मग मानाच्या साड्या. कुणाला काठाची, कुणाला बिनकाठाची, कुणाच्या सासूला काय चालेल, यावर खल होतो. रुसवेफुगवे निम्मे तिथेच होतात आणि मिटतातही तिथेच. कुणाचं कुणाशी कितपत जमणार आहे हे मांडवात कळत नाही, बस्त्याच्या गादीवर कळतं. मी शिवणारी बाई आहे, मला विचाराल तर पत्रिकेपेक्षा बस्ता जास्त खरं बोलतो.

तो बस्ता माझ्या धाकट्या भावाचा, रणजितचा. माझं माहेर कुंडल. आमच्या भावकीत ऊस आणि मिल्ट्री या दोनच वाटा. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, हवालदार होऊन घरी आले आणि त्यांच्या मागोमाग रणजित भरती झाला. त्याचा साखरपुडा माघात झाला होता. मुलगी जत तालुक्यातली, कोमल. बोलायला कमी, डोळ्यांनी मात्र सगळं टिपणारी. लग्नाला रणजित मोठी रजा घेऊन येणार होता. पण चैत्र संपता संपता सीमेवर वातावरण तापलं आणि रजा रद्द झाल्या. त्याचा घाईघाईने फोन आला, "आता थोडं दिस फोन लागायचा न्हाई. काळजी करू नगा." त्यानंतर आठवडा उलटून गेला तरी फोन नव्हता.

मी तेव्हा बस्त्यासाठी म्हणून माहेरी गेले होते. घर नेहमीचंच, पण त्यात आवाज नव्हता. आबा टीव्ही लावायचे आणि आवाज बंद करून नुसता बघत बसायचे. पडद्यावर नकाशे, बाण, भांडणारी माणसं. आई आतून यायची, टीव्ही बंद करायची, आणि परत जायची. थोड्या वेळाने आबा पुन्हा लावायचे. "मोबाईल काढून घेतल्यात त्येंचे," ते म्हणायचे. "नेमच हाय तसा. आमच्या टायमाला तर म्हैना म्हैना पत्र न्हवतं." हे ते मला सांगत नव्हते, आईलाही नाही. गोठ्यात एकटे असतानाही मी त्यांना हेच वाक्य बोलताना ऐकलं.

मी म्हटलं, बस्ता पुढे ढकलू या. आई पोळपाट तसंच टाकून बाहेर आली.

"ढकलायचा न्हाई. काय कारन सांगनार त्येंना? फोन न्हाई म्हनून? आन् मग गाव काय म्हनंल, म्हाईत हाय का तुला?"

मला माहीत होतं. पोरीचा पायगुण. साखरपुडा झाला आणि लगेच हे मागं लागलं, असं आमच्या शेजारणीने आडून बोलूनही झालं होतं. त्या दिवसापासून आईने तिच्याकडचं दूध बंद केलं होतं. "त्या लेकराचा काय दोष?" आई म्हणाली. "ती अजून आपल्या उंबऱ्याच्या आत आली न्हाई. तिच्या मानसांना यातलं कायबी कळू द्यायचं न्हाई. हसून बसायचं, कापडं घ्यायची आन् यायचं." आबांनी मान हलवली. लष्करी हुकूम आमच्या घरात आईच काढते.

तर असे आम्ही तिघं सकाळी भाड्याच्या जीपमधून निघालो. हळकुंडं घ्यायची होती, पत्रिका छापायला टाकायच्या होत्या, आणि मग बस्ता. आईने पोटात चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. फोन येईस्तोवर जेवणार नाही असं ती कधी म्हणाली नाही. ती नुसती जेवत नव्हती. पाण्याची बाटली मी पुढे केली तर तिने ती घेतली, मांडीवर ठेवली आणि तशीच ठेवून बसली.

पलूस मागे पडलं. रस्त्याकडेच्या द्राक्षबागा खरड छाटणी होऊन उघड्याबोडक्या उभ्या होत्या. ऊन सरळ आईच्या बाजूने येत होतं. जीपवाला पन्नाशीचा माणूस, आमच्या ओळखीचा नव्हता. त्याने मधेच गाडी कडेला घेतली, आपला टॉवेल पाण्यात भिजवून पिळला, आईच्या बाजूची काच वर करताना त्या फटीत टॉवेलाचं टोक अडकवलं आणि पुन्हा येऊन बसला. कुणी सांगितलं नव्हतं. "जावा आता," आई त्याला म्हणाली. तिच्या गालावर त्या ओल्या टॉवेलाची सावली हलत होती आणि मला एकदम रडू आलं. एवढ्याशा गोष्टीने रडू येण्याइतकी मी हळवी कधीच नव्हते.

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या दिवशी माझी मागण्याची सगळी ताकद एकाच मागणीत अडकून पडली होती. एरवी मी देवाकडे बारीकसारीक पन्नास गोष्टी मागते आणि त्यातली एखादी मिळाली तर ती माझ्या हक्काचीच होती असं समजते. त्या दिवशी एका फोनखेरीज मला काहीच नको होतं. त्यामुळे बाकी जे मिळत गेलं ते सगळं न मागता मिळालेलं होतं. ओला टॉवेलही त्यातलाच.

सांगलीत पहिल्यांदा हळदीच्या पेठेत गेलो. हंगाम उतरणीला लागला होता तरी हवेत पिवळी धूळ होती. ती नाकात बसते, जिभेवर येते, पांढऱ्या सदऱ्यावर तर लगेच दिसते. आईने एका दुकानापुढे वाकून हळकुंड उचललं आणि दोन्ही हातांनी मोडलं. आतला रंग उन्हात धरून बघितला. नाही आवडलं. दुसरं मोडलं. तिसरं. एरवी ती एवढी चिकित्सा करत नाही. मला कळलं, ती मोडतेय म्हणजे तिच्या हातांना काहीतरी करायला हवंय. व्यापारी म्हातारा होता. एवढी हळकुंडं मोडून पडली तरी तो चिडला नाही.

"लग्नाची हाय का मावशी?"

"व्हय. ल्योकाची."

"मग थांबा." तो आत गेला आणि वेगळ्या पोत्यातली घेऊन आला. "ही मोडायची गरज न्हाई. तरी मोडा." आईने मोडलं. आतून केशरी पिवळं, अगदी गर्द. वजन झाल्यावर त्याने वरून एक मूठ टाकली. "ही नवरदेवाच्या वाटणीची. माझ्याकडनं." आईने ती मूठ वेगळी काढून पदराच्या टोकाला बांधली. दुकानातून बाहेर येईपर्यंत तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही.

छापखान्यात मात्र माझा जीव टांगणीला लागला. मालकाने मजकूर वाचला, नवरदेवाच्या नावापुढे 'भारतीय सेना' असं लिहिलेलं बघितलं आणि चष्मा काढला.

"लगेच छापू का थांबू थोडं? न्हाई, रागावू नका. मिल्ट्रीतल्या बऱ्याच जणांनी तारखा फिरवल्यात आता. म्हणून विचारलं."

भिंतीवर नमुन्याच्या पत्रिका लटकत होत्या, पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होत्या. आई हळकुंडांची पिशवी छातीशी धरून उभी. शेवटी आबा म्हणाले, "छापा." तो आवाज कवायतीच्या मैदानावरचा होता. त्या चिंचोळ्या छापखान्यात तो फार मोठा वाटला. मालकाने एकदा आईकडे बघितलं. मग अगदी सहज म्हणाला, "मजकूर लावून ठेवतो. माझ्याकडं कामं लय साठल्यात, छपाईला दोन-चार दिवस जातीलच. तोवर काय बदल असला तर नुसतं कळवा." कामं काही साठलेली नव्हती. यंत्र गप्पच होतं. त्याने आम्हाला माठातलं पाणी दिलं, आणि आई त्यातलं अर्धा पेला प्यायली. दिवसभरात तिच्या पोटात गेलेलं पहिलं पाणी. मी त्या माणसाचं नाव विचारलं नाही, पण अजून त्या रस्त्याने गेले की दुकान उघडं आहे का बघते.

कापडदुकानात कोमलकडची माणसं आधीच येऊन बसली होती. जतहून लांबचा प्रवास करून आलेली, तरी ताजीतवानी. कोमल, तिची आई आणि तिचे वडील. तिचे वडील म्हणजे तात्या, शिस्तीचा माणूस. साखरपुड्यातच त्यांनी सर्वांदेखत सांगितलं होतं, "लग्नाआधी पोरापोरींचं फोनबिन न्हाई. आमच्यात चालत न्हाई." आबांना ते फार आवडलं होतं.

पहिल्यांदा देवीचं खण-नारळ घेतलं. मग शालू सुरू झाले. दुकानातला माणूस घडी फेकायचा आणि पदर लाटेसारखा आमच्या गुडघ्यांपर्यंत यायचा. लाल, हिरवा, राणी रंग, जांभळा. आई हसत होती. तिचं ते हसणं मला बघवत नव्हतं, कारण ते ओठांपुरतंच होतं, डोळे दर थोड्या वेळाने आबांच्या खिशाकडे जात होते. आबांचा मोबाईल त्या खिशात. कुठेही घंटी वाजली की आमच्या तिघांच्या माना एकदम वळायच्या. एकदा दुकानातल्या बाईचा फोन वाजला आणि आबा अर्धे उठून उभे राहिले. "गुडघा धरलाय," ते तात्यांना म्हणाले.

आणि कोमल? कोमल खूश होती. खोटं नाही सांगत, मला तिचा राग आला. ती गालात हसत होती. सगळे शालू बाजूला सारून ती पुन्हा पुन्हा एका मोरपंखी रंगाच्या शालूकडे जात होती. तिची आई म्हणाली, "अगं लाल घे, लग्नात लालच शोभतंय." ती म्हणाली, "न्हाई, मोरपंखीच." इतक्या कमी बोलणाऱ्या पोरीने एवढा हट्ट धरावा याचं मला नवल वाटलं. माझा भाऊ तिकडे कुठे आहे, कसा आहे, काही ठाऊक नाही आणि हिला मोरपंखी हवंय. तिला काही माहीत नाही, माहीत होऊ नये म्हणूनच आपण सगळं करतोय, हे मला कळत होतं. तरी राग येत होता.

मग नवऱ्याच्या सुटाचं कापड निघालं. कापड पसंत पडलं आणि दुकानातल्या माणसाने गळ्यातली टेप काढली. "नवरदेव आले नाहीत ना? मग त्यांच्या अंगाचं कुणीतरी मापाला उभं राहा."

कुणी उभं राहिलं नाही. आबा खाली बघायला लागले. जो नाही त्याच्या जागी उभं राहायचं, ही गोष्ट त्या क्षणी कुणालाच सोसणारी नव्हती. मी म्हटलं, "माप मी सांगते, लिहून घ्या." रणजितचे शर्ट मीच शिवत आले आहे, त्याची मापं मला पाठ आहेत. छाती सांगितली, खांदा सांगितला, बाही सांगितली. कंबर सांगायला लागले आणि अडखळले. ते माप माघातलं होतं. आता तिकडे त्याला वेळेवर जेवण मिळत असेल का? पोरगं वाळलं असेल का? "शिवणीत कापड जरा जास्त ठेवा," मी म्हणाले, "सैल करता येईल असं." आईने पदराची गाठ घट्ट धरली होती.

दुपारी कोमलच्या आईने गाठोडं सोडलं. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, भरल्या वांग्यांचा डबा. दुकानदाराने माडीच्या एका बाजूला जागा करून दिली, वर दही पाठवलं. सगळ्यांची पानं वाढली गेली.

"मला न्हाई," आई म्हणाली. "उपास हाय."

"आज बुधवारी? कसला वो?"

"नवसाचा."

कोमलच्या आईचा हात डब्यावरच राहिला. आई दही घेईल म्हणून तिने आग्रह केला, आई नको म्हणाली. केळ आणवते म्हणाली, नको. मग तिने नवऱ्याकडे बघितलं आणि ती दोघं हळू आवाजात कानडीत काहीतरी बोलली. त्यांच्याकडे घरात दोन्ही भाषा. आम्हाला कानडीतलं अक्षर कळत नाही. तात्यांचा चेहरा मात्र कळत होता. तो बंद होत चालला होता. भाकरी चावल्याचे आवाज तेवढे येत होते. वरचा पंखा लाइट गेल्याने थांबला आणि ती शांतता आणखीच गरम झाली.

तेवढ्यात कोमल माझ्याजवळ आली. "ताई, ब्लाउजचं माप घेता का आत्ताच?"

आरशाच्या खोलीत मी तिच्याभोवती टेप धरली. मघाचं हसू कुठे गेलं होतं कोण जाणे.

"ताई, आत्यांना आमचं जेवन चालत न्हाई का?" आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. "का आमचं काय चुकलंय? आई लय कावरीबावरी झालीय. तात्या म्हनाले, ह्येंचा इचार फिरलेला दिसतोय. व्याह्याच्या भाकरीला शिवत न्हाईत म्हंजे सोयरीक मोडायचीय त्येंना."

मी आईला शब्द दिला होता. पण ज्या पोरीला बोल लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप, तीच पोरगी माझ्यापुढे रडायच्या बेतात उभी होती. मी तिला सांगून टाकलं. आठवडा उलटून गेला, रणजितचा फोन नाही. आई म्हणून जेवत नाही. तुझ्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून आम्ही गप्प आहोत.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "फोन न्हाई?" तिने विचारलं. "ताई, पन त्यांचा फोन आल्ता की. आज सकाळी. मला."

माझ्या हातातली टेप खाली पडली.

"लय थोडा वेळ झाला. दुसऱ्या कुनाच्यातरी फोनवरनं लावला हुता. घरी लावला हुता म्हनाले, आन् पुढचं ऐकूच आलं न्हाई. मला वाटलं घरी बोलनं झालं असंल. तुमी सगळी हसत हुता, मग मला तसंच वाटलं. आन् मी कसं सांगू? तात्यांच्या म्होरं? लग्नाआधी मला फोन येतोय म्हनून?"

आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. तिने जे मर्यादा म्हणून गिळलं होतं तेच आम्हाला हवं होतं, आणि आम्ही जे काळजीपोटी दाबलं होतं तेच तिला उपाशी आईच्या रूपात समोर दिसत होतं. मला हसावं का रडावं कळेना. मी धावत बाहेर जायला निघाले तर तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं, ही म्हणणार, तात्यांना कळू देऊ नका. मी मनात जुळवायलाही लागले, आईला बाजूला नेऊन कानात सांगेन, तुझं नाव येऊ देणार नाही. पण ती म्हणाली, "तुमी नगा. मी सांगते."

ती बाहेर गेली. सगळ्यांच्या मधून, ताटांच्या कडेने चालत जाऊन आईच्या शेजारी गादीवर बसली आणि खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्या, सकाळी मला त्यांचा फोन आल्ता. ते बरं हायत."

तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला. आबांनी मात्र खिशातून मोबाईल काढला, लांब धरला, जवळ धरला, आणि मग तसाच माझ्याकडे दिला. मी बघितलं. सकाळी आम्ही जीपमध्ये बसत असतानाचे, एका अनोळखी नंबरचे दोन फोन. दोन्ही आबांनी सवयीने कापलेले, आणि जीपच्या घरघरीत घंटी आम्हा दोघींना ऐकूही आली नव्हती. भावकीतल्या एकाला फोनवरून कुणीतरी गंडवल्यापासून ओळखीचा नसलेला नंबर उचलायचा नाही, हा आबांचा नेम होता, आणि आबा नेम मोडत नाहीत.

"आवं," आई म्हणाली, "पोराचा फोन कापला तुमी?"

आबा उठले आणि जिन्याजवळच्या खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. माझ्या वडलांची पाठ मी किती वेळा बघितली आहे, परेडसारखी ताठ. त्या दिवशी ती हलत होती.

लग्न पुढे मार्गशीर्षात झालं. रणजित पावसाळा संपल्यावर आला, माघातल्या मापाचा सूट त्याला कमरेत सैल झाला आणि मी तो रात्रभर बसून आत घेतला. पत्रिका नव्या तारखेच्या छापल्या, त्या छापखानेवाल्याने तोवर एकही छापलेली नव्हती. कोमल आता कुंडलला असते, आईशी तिचं माझ्यापेक्षा जास्त पटतं, आणि याचा मला अधूनमधून हेवाही वाटतो. आबा हल्ली येईल तो नंबर उचलतात. कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींशीही अदबीने बोलतात आणि शेवटी 'जय हिंद' म्हणून फोन ठेवतात. त्या दिवसाने मी काही साध्वी झाले नाही. ऊन, लाइट, दोरा, गिऱ्हाईक, माझी कुरकुर चालू आहे. पण कुठे कुणी न मागता पाणी पुढे केलं, सावली केली, तर माझा हात जरा थांबतो. त्यावेळी आम्हाला त्याच गोष्टींनी दुपारपर्यंत पोचवलं होतं, हे मला विसरता येत नाही.

पण खरं सांगायचं ते त्या गादीवरचं. आईने कोमलचा हात हातात घेतला होता. रागावली असेल, दुखावली असेल, असं मला वाटत होतं. तिने एवढंच विचारलं, "आवाज कसा हुता गं त्याचा?"

"बसलेला हुता जरा. पन हसत हुते."

"काय म्हनला? सगळं सांग."

कोमलने चोरून तात्यांकडे बघितलं. तात्या भाकरीकडे बघत होते. मग ते घसा खाकरून म्हणाले, "सांग की गं. त्यास्नी सगळं सांग."

"म्हनाले, मी बरा हाय. घरी लावला हुता. मग मधलं कट झालं. मग म्हनाले, आज बस्ता हाय न्हवं, मोरपंखी घे."

आई हसली. या वेळी डोळ्यांनी. कोमलच्या आईने न विचारता तिच्यापुढे ताट सरकवलं, भाकरी कुस्करली, वर दही घातलं. आईने पहिला घास तोंडात घातला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती.

"हं," घास तोंडात तसाच ठेवून ती म्हणाली, "मग? पुढं काय म्हनला?"

पुढे काहीच नव्हतं. फोन तेवढाच झाला होता. कोमलने आईचा हात आणखी घट्ट धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.